निळ्या रंगाची फेरतपासणी

पीएचडीचा विषय नक्की झाला त्या दुपारी मी घरी फोन लावला. बाबांनी तो उचलला आणि आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. मी एका दमात सांगितलं, "लाल वाइनमधल्या फिनॉलिक संयुगांचं रसायनशास्त्र."

मग आई म्हणाली, "वाइन म्हणजे दारूच ना वं?"

"दारूच. पण अंगुराची."

"इतकं शिकून दारू काढशील काय तू?"

"काढायची नाही आई, तपासायची आहे."

"तपासायले प्यावं लागते काय?"

बाबा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "मॅडमनं दिला ना विषय? मंग काही वाकडं नसन." विषय तिथंच मंजूर झाला.

बाबांचा मॅडमवर एवढा विश्वास का, ते सांगायला हवं. कळमेश्वरपासून थोडं आत आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मी बीएस्सीला होते तेव्हा तालुक्याला संत्रा उत्पादकांची एक बैठक झाली होती आणि तिथं नागपूरच्या एक प्राध्यापिका संत्र्याच्या सालीवर बोलल्या होत्या. ज्या साली आपण उकिरड्यावर फेकतो त्यांच्यात किती मोलाची फिनॉलिक द्रव्यं आहेत, हे त्यांनी आकड्यासकट सांगितलं. बाबा घरी आले ते हातात साल घेऊनच. पुढं वर्तमानपत्रात त्या प्राध्यापिकांच्या संशोधनाची बातमी आली, पांढरा एप्रन आणि हातात संत्रं असा फोटो होता. बाबांनी ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मी एमएस्सी झाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुढं शिकायचं तर त्या बाईपाशी शिक."

मी त्या बाईंपाशीच शिकले.

मॅडम बुटक्या, अंगानं बारीक, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. सुती साडीवर एप्रन, पायात कॅनव्हासचे बूट. प्रयोगशाळेत चपला चालत नाहीत हा त्यांचा पहिला नियम, आणि तो त्या स्वतःही पाळत. लग्न केलेलं नव्हतं. उत्तर नागपुरात मोठ्या बहिणीबरोबर राहात. वडिलांचा पानठेला होता. त्या ठेल्यावर बसून अभ्यास केला हे त्या कधीही अभिमानानं सांगत नसत आणि लपवतही नसत. विषय निघाला की सहज बोलून जात. घर बौद्ध. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लोक लांबून येत तेव्हा मॅडम आठवडाभर सुट्टी घेऊन बहिणीबरोबर त्यांच्या जेवणाच्या व्यवस्थेत राबत. बाकी वर्षभर सुट्टी हा शब्द त्यांना माहीत नव्हता.

त्यांच्या घरी रोज पंचशील म्हटलं जायचं आणि त्यातलं पाचवं शील मद्यापासून लांब राहण्याचं. मी धीर करून एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही वाइन कधी चाखलीच नाही, मग विषय कसा दिला?"

"मोजायले जिभेचं काय काम?" त्या म्हणाल्या. "पण तुरट काय असते ते तुले समजलं पाहिजे. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत काताचा तांबूस खडा होता, पानात घालतात तो. नखाएवढा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "चघळ. आणि काय काय होते ते सांगत जा."

आधी कडवट लागलं. मग गालांची आतली कातडी आखडल्यासारखी झाली. जीभ टाळूवर घासायला लागली, जणू तोंडातलं वंगण कुणी पुसून घेतलं होतं.

"वंगणच पुसलं गेलं," मॅडम म्हणाल्या. "आपल्या लाळेत प्रथिनं असतात. त्याईच्यामुळं जीभ सरकते. टॅनिन येते अन् त्या प्रथिनाईले बांधून टाकते. त्याचे कण बनतात, जीभ कोरडी पडते. म्हणून आपण तुरटले चव म्हणतो, पण खरं पाहिलं तर ते बोट लावून पाहिल्यासारखं आहे. स्पर्श."

मग त्यांनी फळ्यावर कॅटेचिनचा रेणू काढला. दोन कडी आणि मध्ये तिसरं, सगळीकडे टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. या रेणूला त्याचं नाव काताच्याच नावावरून मिळालं. खैराच्या लाकडात हा असतो आणि काळ्या द्राक्षाच्या बीमध्येही असतो. वाइन बनताना साली आणि बिया रसात भिजत राहतात, सालीतून लाल-जांभळा रंग येतो, बीतून कॅटेचिन आणि त्याच्या लांब लांब साखळ्या. त्या साखळ्या म्हणजेच टॅनिन. वाइन मुरत जाते तसे हे रंगाचे रेणू आणि टॅनिन एकमेकांना धरतात, जांभळट लाल रंग विटेसारखा होतो, आणि जीभ आखडवणारा तुरटपणा मऊ होत जातो. पानठेल्यावर वाढलेल्या त्या बाईंनी वाइनचा थेंब न घेता मला वाइनचं अख्खं आयुष्य अर्ध्या तासात समजावून दिलं. मी ते अजूनही वर्गात तसंच शिकवते, कात घेऊन.

माझा प्रश्न नागपूरचाच होता. नाशिककडून वाइन ट्रकनं येते. मे महिन्यात ती पत्र्याखाली पडून राहिली तर तिच्यातल्या फिनॉलचं, म्हणजे या रंगाच्या आणि तुरटपणाच्या रेणूंचं, काय होतं? मॅडमनी परवानगीच्या कागदांसाठी स्वतः चकरा मारल्या. मग एकाच वेळी भरलेल्या लाल वाइनच्या बाटल्यांचे आम्ही तीन भाग केले. एक प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, एक विभागातल्या लाकडी कपाटात आणि एक नागपूरलगतच्या वाडी गावात, ट्रान्सपोर्टच्या गोदामात. मी तेव्हा वाडीलाच खोली घेऊन राहात होते. आमच्या घरमालकिणीचे भाऊ त्या गोदामात मॅनेजर होते, त्यांनी एका कोपऱ्यात खोकं ठेवू दिलं.

"ह्या बाटल्या तुम्ही मुद्दाम खराब करून राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् याची डिग्री भेटते?"

"भेटली तर भेटते."

त्यांनी खोक्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: हात लावू नये, शिक्षणाचे काम. सगळा उन्हाळा त्या खोक्याला कुणी हात लावला नाही.

फिनॉल मोजण्याची जी साधी पद्धत आहे तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पिवळसर रंगाचा एक रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, असतो. वाइनचा अगदी थोडा अंश पाण्यात घ्यायचा, त्यात तो टाकायचा, वरून सोड्याचं द्रावण घालायचं आणि ठरलेल्या वेळानं बघायचं. फिनॉल असले की द्रावण निळं होतं. फिनॉल जास्त तर निळा गडद. मशीनमधून त्या निळ्याची गडदता मोजली की आकडा मिळतो: एकूण फिनॉल. जगभर हीच पद्धत चालते आणि मलाही ती आवडायची, कारण लाल वाइनमधून निळा रंग उगवताना बघणं ही मजाच होती.

जूनच्या शेवटी गोदामातल्या बाटल्या आणून तपासल्या. आकडा फ्रिजमधल्या बाटल्यांपेक्षा कितीतरी खाली. मी पळतच मॅडमच्या खोलीत गेले. "उन्हाळ्यानं फिनॉल खाल्ले, मॅडम!"

त्यांनी आलेख पाहिला. चष्मा लावला, पुन्हा पाहिला. "सल्फाइट किती उरलं?"

वाइन टिकावी म्हणून तिच्यात सल्फाइट घालतात हे मला माहीत होतं. पण त्याचा इथं काय संबंध, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"हा रिएजंट फिनॉलले ओळखत नाही वं," मॅडम म्हणाल्या. "जो कोणी त्याले इलेक्ट्रॉन देईन, त्याच्यासाठी तो निळा होते. फिनॉल देते, सल्फाइटही देते. उन्हानं सल्फाइट उडालं असन तर निळा तसाही उतरन. मंग तू कोणाचा मृत्यू जाहीर करून राहिली?"

मी आलेख परत उचलला.

"निळं दिसलं म्हणजे फिनॉलच, असं कोणं सांगतलं तुले? जा. आधी सल्फाइट मोज, त्याले बाजूले काढ, मंग ये."

मला दोन महिने लागले. सल्फाइट वेगळं काढल्यावर चित्र बदललं. फिनॉल कमी झाले होते, पण माझ्या आलेखातल्या घसरणीतला मोठा वाटा सल्फाइटचा होता. खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं: रंगाचे रेणू मोडले होते आणि वाइन तपकिरी झाली होती. हे कळलं तेव्हा मला मॅडमचा हेवा वाटला. आलेख बघून दोन मिनिटांत हा प्रश्न मनात यायला माणूस किती वर्षं शिकलेला असावा लागतो!

आता त्या निळ्या रंगाला फसवणाऱ्या आणखी कोणकोणत्या गोष्टी आहेत, ते मी वाचत सुटले. काही प्रमाणात साखर. आणि ठळकपणे व्हिटॅमिन सी.

व्हिटॅमिन सी हे शब्द वाचले आणि संत्रं डोळ्यांपुढं आलं. मी मॅडमचा तो जुना पेपर उघडला. बाबांनी कपाटाला चिकटवलेली बातमी ज्याच्यावर होती तोच. पद्धतीचा परिच्छेद तीनदा वाचला. ताजी साल, तिचा अर्क, पिवळा रिएजंट, सोडा, निळा रंग, आकडा. व्हिटॅमिन सी वेगळं काढल्याचा कुठं उल्लेख नव्हता.

प्रयोगशाळेच्या कपाटात व्हिटॅमिन सीची शुद्ध पूड होती. मी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली, रिएजंट टाकला, सोडा टाकला. बघता बघता नळी शाईसारखी निळी झाली. त्या नळीत फिनॉलचा एक कणही नव्हता. मी ती घाईघाईनं धुऊन टाकली, जशी काही मीच चोरी केली होती.

त्यानंतरचे तीन आठवडे मी गप्प होते. मॅडमच्या सगळ्या कामात त्या पेपरचं नाव सर्वांत जास्त घेतलं जायचं. त्यांची ओळखच ती होती. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. मी कोण? काल सल्फाइट न मोजता नाचणारी. कदाचित मीच काहीतरी चुकत असेन. आणि मी सांगितलंच नाही तर कुणाचं काय बिघडणार होतं? माझा विषय वाइन होता, संत्रं नव्हतं. एका रविवारी घरी गेले तर कपाटातून टॉवेल काढताना तो फोटो समोर आला. मी दार चटकन लावून घेतलं. आईला वाटलं, पाल दिसली.

शेवटी एका सोमवारी मी दोन नळ्या केल्या. एकीत वाइन, एकीत फक्त व्हिटॅमिन सी. दोन्ही निळ्या. त्या स्टँडमध्ये ठेवून मॅडमच्या टेबलावर नेल्या आणि दुसऱ्या नळीत काय आहे ते सांगितलं. संत्र्याचं नाव मला घेववलं नाही.

मॅडम नळीकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "माझा पेपर आण."

मी आणला. त्यांनी पद्धतीच्या परिच्छेदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पान उलटलं, तक्ता पाहिला, परत मागं आल्या.

"नाही काढलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मनातच नाही आलं." आवाजात काही नव्हतं, एखादी वस्तू घरी विसरली असं सांगावं तसं. मग त्यांनी वर पाहिलं. "तुले कधीपासून मालूम आहे?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे? काहून चूप राहिली?"

"मॅडम, तुम्हाला... तुमचा इतका मोठा पेपर..."

आता मात्र त्या रागावल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं रागावलेलं तेव्हाच पाहिलं. "माझ्या चुकीले तू तीन आठवडे उगीच जगवलं. तुले वाटलं मॅडमले वाईट वाटन. मले वाईट वाटणं अन् आकडा खोटा असणं, याच्यात कोणती गोष्ट मोठी आहे वं?"

मला रडू यायला लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढं सरकवली आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण नळी करून आणली ते चांगलं केलं. नुसतं तोंडानं सांगतलं असतं तर मी वाद घातला असता."

हिवाळ्याच्या तोंडी आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली तशी मॅडमनी मला एका सकाळी कळमन्याच्या फळबाजारात बोलावलं. मी पोचले तेव्हा त्या संत्र्यांच्या ढिगांमधून कॅनव्हासच्या बुटांनी वाट काढत होत्या. वेगवेगळ्या ढिगांतून, वेगवेगळ्या गावांची, पिकलेली आणि जरा हिरवट अशी त्यांनी स्वतः वेचली. एका व्यापाऱ्यानं विचारलं, "मॅडम, इतकं काय पाहून राहिल्या, सगळा माल गोड आहे." त्या म्हणाल्या, "गोड नाही पाहिजे दादा, खरा पाहिजे." त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं खालच्या थरातलीही काढून दिली.

प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातानं केला. मी मदत करू म्हटलं तर एकच काम दिलं. पेनाच्या टोपणाएवढी एक नळी मिळते. अर्क तिच्यातून सोडला की आतली पावडर फिनॉलना धरून ठेवते आणि व्हिटॅमिन सी पाण्याबरोबर निघून जातं. मग अल्कोहोलनं फिनॉल सोडवून घ्यायचे. प्रत्येक सालीचा अर्क नळीतून काढून आणि थेट, दोन्ही प्रकारे मोजायचा होता. कोणती बाटली कोणत्या प्रकारची, हे मी नुसते क्रमांक टाकून माझ्या वहीत लिहायचं आणि वही कुलपात ठेवायची. "मले कळू देऊ नको," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझा हात माझ्याच बाजूनं जाईन."

महिनाभर त्या रोज सकाळी विभाग उघडायच्या आधी येऊन उभ्या राहिल्या. गुडघे दुखायचे. मध्येच स्टुलावर बसून बहिणीनं दिलेला डबा खायच्या आणि पुन्हा उठायच्या. मी बाजूला माझी वाइन मोजत असे. त्या काळात मी जितकं रसायनशास्त्र शिकले तितकं आधी कधी शिकले नव्हते. पिपेट भरताना श्वास रोखून धरणं, प्रत्येक नळीला सारखाच वेळ देणं, शंका आलेला आकडा पुसायचा नाही पण शेजारी शंका लिहायची. त्यांच्या वयाच्या, त्यांच्या मानाच्या कुणीही हे एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवलं असतं.

वही उघडली त्या दिवशी आकडे जुळवायला मला घाम फुटला. संत्र्याच्या सालीत फिनॉल होते, चांगले भरपूर होते. पण छापलेला आकडा फुगलेला होता.

विभागातले एक ज्येष्ठ सर चहा घेत होते. मॅडमवर त्यांचा जीव होता. ते कळकळीनं म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या ना. जुनी गोष्ट आहे. कोण पाहून राहिलं? पुढच्या पेपरात नवी पद्धत वापरा, झालं."

"पुढच्या पेपरात नवी वापरू, अन् लोकं जुनाच वाचत राहतीन," मॅडम म्हणाल्या. "चहा घ्या सर, थंडा होऊन राहिला."

त्या पेपरावर दुसरं नाव त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं होतं. तो आता पुण्याकडं मोठ्या हुद्द्यावर होता. दुरुस्तीचं पत्र पाठवायच्या आधी मॅडमनी त्याला फोन केला आणि मला समोर बसवून घेतलं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. आधी तो हसला, मग म्हणाला, "मॅडम, माझ्या इथं लोक काय म्हणतील?"

"तू काळजी करू नको गा. पद्धत मी ठरवली होती, तू तर मी सांगतलं ते केलं. मी तसंच लिहून राहिली. तू फक्त हो म्हण."

तो म्हणाला, "तसं नका लिहू मॅडम. 'आम्ही दोघांनी ठरवली' असं लिहा." मॅडमनी फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या.

दुरुस्ती छापून आली, एक पान. खाली तीन नावं होती, तिसरं माझं. मी म्हटलं, माझं कशाला, तर म्हणाल्या, "नळी कोणं आणली होती?"

मला वाटलं, प्रकरण संपलं. मॅडमना तसं वाटलं नाही. छापलेलं पान शास्त्रज्ञ वाचतात, पण तो आकडा त्यांनी शेतकऱ्यांनाही सांगितला होता, तोंडानं, माइकवरून. त्यांनी आयोजकांना फोन करून पुढच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घेतली. मीही गेले. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या आणि तिसऱ्या रांगेत बाबा बसले होते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

मॅडम उभ्या राहिल्या. "मागं मी इथं येऊन तुम्हाले संत्र्याच्या सालीबद्दल एक आकडा सांगतला होता. तो जास्त होता. चूक माझी होती. आता बरोबर मोजलं, ते सांगायले आली." मग त्यांनी निळा रंग आणि व्हिटॅमिन सी अगदी सोप्या शब्दांत समजावलं. त्या दोन नळ्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. हॉलमध्ये त्या हातोहात फिरल्या.

पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे उठले. "म्हणजे साल बेकार आहे का?"

"बेकार नाही. कामाची आहे. मी सांगतलं होतं तेवढी नाही."

"हे तुम्ही सांगतलं नसतं तर आमाले मालूम झालं असतं काय?"

"नाही."

"मंग काहून आल्या बाप्पा इतक्या दूर?"

"चूक मी इथंच उभी राहून सांगतली होती. दुरुस्त करायले दुसऱ्या कोणाले पाठवू?"

म्हातारे उभेच राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि खाली बसले. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत.

मागच्या बाजूनं एका बाईनं हात वर केला. जवळच्याच गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष होत्या. साली वाळवून, दळून त्यांची पूड उटण्यासाठी विकायच्या. पाकिटावर मॅडमचा तो आकडा छापलेला होता. "आमच्या पाकिटाचं कसं करावं मॅडम? ढीगभर छापून ठेवले आहेत." आवाजात भीती होती.

"मी येतो," मॅडम म्हणाल्या. "आपण मिळून करू."

त्या खरोखर गेल्या. दोन शनिवार त्या गावात, एका घराच्या पडवीत सतरंजी टाकून आम्ही सगळ्याजणी बसलो आणि पाकिटांवरच्या त्या ओळीवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मॅडमनीच मजकूर सुचवला होता: 'उन्हात वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची शुद्ध पूड.' पहिल्या शनिवारी बायका अवघडल्या होत्या, इतकी शिकलेली बाई डिंकानं हात भरवून बसली म्हणून. दुसऱ्या शनिवारी त्या मॅडमना साल कडू का लागते, पांढरा भाग ठेवावा का काढावा, असं हक्कानं विचारत होत्या. वाळवल्यावर व्हिटॅमिन सी फारसं उरत नाही हेही तिथंच बोलण्यातून निघालं आणि मॅडमनी लगेच एक पाकीट तपासायला पर्समध्ये टाकलं.

बैठकीच्या दिवशी परत निघताना बाबा आमच्याजवळ आले होते. मॅडमसमोर ते बोलायला संकोचले. शेवटी म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमच्यापाशी आहे ते बरं आहे." आणि वळून चालायला लागले. रस्त्यात मॅडमनी मला विचारलं, "तुझे बाबा नेहमी इतकंच बोलतात काय?" मी म्हटलं, आज जास्त बोलले.

माझा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ सल्फाइटच्या प्रकरणावर घेतला. गरम झालेल्या वाइनमध्ये फिनॉल नुसते नाहीसे होत नाहीत, त्यांचं रूप बदलतं, आणि निव्वळ निळ्या आकड्यावर विसंबलं तर हे हातून निसटतं, हा माझा मुख्य निष्कर्ष होता. परीक्षकांनी विचारलं, "सल्फाइट वेगळं काढावं हे तुम्हाला कसं सुचलं?" मी खरं ते सांगितलं, की मला सुचलं नव्हतं. मागच्या रांगेत मॅडम मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा विभागात छोटा कार्यक्रम झाला. प्रास्ताविकासाठी त्यांच्या पेपरांची यादी हवी होती, ती त्यांनी स्वतः टाइप करून दिली. विभागप्रमुखांनी यादी वाचायला घेतली आणि मध्येच अडखळले. संत्र्याच्या पेपराखाली ती एका पानाची दुरुस्तीही वेगळा क्रमांक देऊन लिहिलेली होती. ते हळूच म्हणाले, "मॅडम, हे वाचू का?"

"वाचा ना," मॅडम म्हणाल्या. "त्याले सगळ्यात जास्त मेहनत लागली."

त्यांनी वाचलं, पेपराचं नाव आणि खालची तिन्ही नावं. ज्येष्ठ सर पहिल्या रांगेत होते. टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.